लघुव्यवसायांची भौतिक सुगम्यता आणि स्थानिक अनुदान : कॅलिफोर्निया राज्यातील व्यवस्थेचे स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा विचार करताना शिक्षण, नोकरी व आरोग्य या विषयांवर पुष्कळ चर्चा होते. त्या मानाने दुकान, उपाहारगृह, केशकर्तनालय, औषधविक्री केंद्र अशा दैनंदिन व्यवहाराच्या जागा दुर्लक्षित राहतात. वस्तुतः नागरिक म्हणून माणसाचा समाजाशी येणारा नित्याचा संबंध याच जागांमधून येतो. दुकानाच्या दारातील एक पायरी चाकाच्या खुर्चीवरील ग्राहकाला रस्त्यावरच थांबवते. ही पायरी काढण्याचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. मोठ्या उद्योगसमूहास जो खर्च किरकोळ वाटतो, तोच लहान दुकानदारास वर्षाच्या नफ्याएवढा असू शकतो. या पेचावर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने स्थानिक निधीच्या आधारे एक मार्ग काढला आहे. प्रस्तुत लेखात त्या व्यवस्थेचे स्वरूप, तिची कार्यपद्धती आणि तिच्या मर्यादा यांचा विचार केला असून भारतीय संदर्भात तिचे महत्त्व तपासले आहे.

कायदेशीर पार्श्वभूमी

‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’ या कायद्यावर २६ जुलै १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी स्वाक्षरी केली. या कायद्याचे तिसरे प्रकरण खासगी मालकीच्या परंतु सर्वांसाठी खुल्या असलेल्या व्यवसायांना लागू होते. नव्या इमारती प्रारंभापासूनच सुगम्य असल्या पाहिजेत, असे बंधन त्यात आहे. जुन्या इमारतींबाबत मात्र निकष सौम्य आहे. जे अडथळे फारशा अडचणीवाचून व फारशा खर्चावाचून दूर करता येतील, तेवढे दूर करावेत, अशी अपेक्षा आहे. साहजिकच व्यवसायाच्या आर्थिक कुवतीनुसार या कर्तव्याची व्याप्ती बदलते.

नियमांत कामांचा प्राधान्यक्रमही सुचविलेला आहे. प्रथम रस्त्यावरून किंवा वाहनतळावरून आत येण्याचा मार्ग, त्यानंतर वस्तू व सेवा जेथे मिळतात ती जागा, नंतर स्वच्छतागृह आणि शेवटी इतर सोयी, असा तो क्रम आहे. ग्राहक आतच येऊ शकत नसेल, तर आतील सोयी निरुपयोगी ठरतात, हे या क्रमामागील तत्त्व होय.

कॅलिफोर्नियात यापुढचे पाऊल टाकले गेले. बर्कली येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ या संस्थेमुळे आणि एड रॉबर्ट्स यांच्यासारख्या कार्यकर्त्यांमुळे दिव्यांग चळवळीची परंपरा या राज्यात खोलवर रुजलेली होती. केंद्रीय कायद्याच्या तिसऱ्या प्रकरणानुसार दावा करणाऱ्या व्यक्तीस नुकसानभरपाई मिळत नाही. केवळ सुधारणेचा आदेश व वकिलाचा खर्च मिळतो. राज्याच्या ‘अनरू सिव्हिल राइट्स ॲक्ट’नुसार मात्र प्रत्येक उल्लंघनासाठी किमान ४,००० डॉलर भरपाई मागता येते. त्यामुळे हक्काला धार आली. त्याचबरोबर लहान दुकानदारांवर मोठ्या संख्येने दावे दाखल होऊ लागले. अनेक प्रकरणांत तडजोडीची रक्कम वादी व वकील यांच्याकडे जाई आणि पायरी जागच्या जागी राही. दुकानदाराचा पैसा गेला व ग्राहकाला दारही मिळाले नाही, अशी दुहेरी हानी होऊ लागली. अनुदानाच्या कल्पनेचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात घ्यावे लागते.

निधीची उभारणी

या समस्येवर राज्याने टप्प्याटप्प्याने उपाय योजले. २००३ च्या कायद्याने ‘प्रमाणित सुगम्यता तज्ज्ञ’ ही व्यवस्था निर्माण झाली. हा तज्ज्ञ दुकानाची पाहणी करून अडथळ्यांची नोंद करतो व दुरुस्तीचा क्रम सुचवितो. पाहणी करून घेणाऱ्या व्यावसायिकास दाव्याच्या प्रसंगी काही संरक्षण मिळते. २०१२ च्या ‘एसबी ११८६’ या कायद्याने ठरावीक मुदतीत दुरुस्ती करणाऱ्यांसाठी किमान भरपाईची रक्कम विशिष्ट अटींवर कमी केली. याच कायद्याने स्थानिक व्यवसाय परवाना घेताना वा त्याचे नूतनीकरण करताना १ डॉलर शुल्क लावले. ‘एबी १३७९’ या कायद्यान्वये २०१८ पासून ते ४ डॉलर झाले व त्यातील ९० टक्के वाटा स्थानिक शासनाकडे राहू लागला. २०२२ च्या ‘एबी २१६४’ या कायद्याने या शुल्काची कालमर्यादा काढून टाकली आणि जमा निधीतून लहान व्यवसायांना सुगम्यतेच्या बांधकामासाठी अर्थसाहाय्य देण्याचा मार्ग स्थानिक शासनांना मोकळा करून दिला.

या रचनेचे मर्म असे की, प्रत्येक व्यावसायिक अल्प रक्कम देतो आणि ज्याच्या दुकानात अडथळा आहे त्याला ती एकत्रितपणे उपयोगी पडते. गणिताने हे स्पष्ट होईल. एखाद्या नगरात वर्षाला १०,००० परवाने दिले जात असतील, तर ४०,००० डॉलर जमा होतात व ३६,००० डॉलर नगराकडे राहतात. प्रत्येकी ६,००० डॉलर अनुदान दिले, तर सहा दुकानांचे काम होईल. आकडा लहान आहे, परंतु दुरुस्ती एकदा झाली की ती कायम राहते.

खर्चाचे स्वरूप

एका पायरीसाठी अनुदानाची गरज का भासावी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मापांमध्ये आहे. उतरणीचा चढ १:१२ पेक्षा तीव्र नसावा, असा मानक आहे. म्हणजेच १५ सेंटिमीटर उंचीच्या पायरीसाठी १८० सेंटिमीटर लांबीची उतरण लागते. शिवाय दारासमोर सपाट जागा हवी, कारण खुर्चीवरील व्यक्तीला थांबून दार उघडावे लागते. एवढी जागा दुकानाच्या हद्दीत क्वचितच असते. पदपथावर उतरण आणावयाची तर नगरशासनाची परवानगी लागते व पादचाऱ्यांचा मार्ग अडतो. म्हणून पुष्कळदा दार आत सरकवून उतरण इमारतीच्या आतच घ्यावी लागते. अशा वेळी वास्तुविशारद, परवाना, गवंडीकाम, नवे दार असा खर्च वाढत जातो. दाराची मोकळी रुंदी किमान ३२ इंच आणि देयक-पटलाचा काही भाग ३६ इंचांपेक्षा उंच नसावा, अशाही अटी आहेत. यांपैकी पटल खाली घेण्याचे किंवा दाराची मूठ बदलण्याचे काम अल्प खर्चात होते. प्रवेशद्वाराचे तसे नाही.

स्थानिक अनुदानाला केंद्रीय करसवलतीची जोड आहे. वार्षिक उलाढाल १० लाख डॉलरपेक्षा अधिक नसलेल्या किंवा पूर्णवेळ कर्मचारी ३० पेक्षा अधिक नसलेल्या व्यवसायास २५० डॉलरच्या वरील व १०,२५० डॉलरपर्यंतच्या खर्चाच्या निम्मी रक्कम करातून वजा मिळते. ही सवलत वर्षाला कमाल ५,००० डॉलर आहे. परंतु ज्याचा करच फारसा नाही, त्याला या सवलतीचा तत्काळ लाभ होत नाही. प्रत्यक्ष अनुदान ही उणीव भरून काढते.

मर्यादा

या व्यवस्थेच्या तीन मर्यादा ठळकपणे दिसतात. पहिली, जेथे अनुदान खर्चाच्या प्रतिपूर्तीच्या स्वरूपात दिले जाते, तेथे आधी खर्च करण्याची ऐपत असलेलाच दुकानदार पुढे येतो. सर्वांत गरजू मागे राहतो. दुसरी, बहुसंख्य लहान व्यवसाय भाड्याच्या जागेत असतात. कायद्याने मालक व भाडेकरू दोघेही जबाबदार असले, तरी भाडेकरूने केलेल्या सुधारणेचा स्थायी लाभ मालकाच्या इमारतीला मिळतो. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१६ मध्ये प्रवेशद्वाराच्या सुगम्यतेची जबाबदारी इमारतमालकांवर टाकणारा अध्यादेश केला, तो या दृष्टीने लक्षणीय आहे. तिसरी मर्यादा तात्त्विक आहे. अनुदान मिळाले तरच दार रुंद करू, अशी धारणा बळावली, तर हक्काचे रूपांतर सवलतीत होते. अनुदान हे कर्तव्यपूर्तीचे साधन आहे, कर्तव्याची पूर्वअट नव्हे, हे भान राखणे आवश्यक ठरते. अनुदानाचा अर्जदार दुकानदार असतो आणि खरा लाभार्थी दिव्यांग ग्राहक कागदावर कोठेच नसतो. कामांची निवड व तपासणी यांत दिव्यांग व्यक्तींचा सहभाग असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

भारतीय संदर्भ

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात २९.६३ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४६ नुसार शासकीय वा खासगी सेवापुरवठादारांनी नियम अधिसूचित झाल्यापासून दोन वर्षांत सुगम्य सेवा देणे अपेक्षित होते. नियम जून २०१७ मध्ये अधिसूचित झाले. म्हणजे ही मुदत २०१९ मध्येच संपली. ‘राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नियम १५ (१) अधिनियमाशी विसंगत ठरविला. केवळ शिफारसवजा मार्गदर्शक तत्त्वे पुरेशी नसून अनिवार्य मानके हवीत, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

मानके अनिवार्य झाली की खर्चाचा प्रश्न येथेही उभा राहील. महाराष्ट्रातील बाजारपेठांत पावसाच्या पाण्यापासून बचावासाठी दुकानाचे जोते उंच बांधण्याची रीत आहे. रस्ता व दुकान यांमध्ये बहुधा गटार व त्यावरील फरशी असते. त्यामुळे पायऱ्यांची संख्या एकावर थांबत नाही. राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाचा आहे. तो मुख्यतः वैयक्तिक लाभासाठी असल्याने दुकानांच्या दुरुस्तीकडे वळविणे न्याय्य ठरणार नाही. परवाना शुल्काचा कॅलिफोर्नियातील मार्गही जसाच्या तसा उचलता येत नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेस नोंदणीऐवजी केवळ सूचना द्यावी लागते. म्हणून स्वतंत्र निधी, तसेच रस्ता, पदपथ व गटार यांची कामे करतानाच दुकानांच्या प्रवेशाचा विचार, हे दोन मार्ग अधिक व्यवहार्य वाटतात.

समारोप

दुकानातील अडथळा एका दुकानदाराने निर्माण केलेला नसतो. तो बांधकामाच्या रूढ पद्धतीतून, नगररचनेतून व समाजाच्या विस्मृतीतून आलेला असतो. म्हणून तो दूर करण्याच्या खर्चात समाजाने वाटा उचलणे युक्त ठरते. कॅलिफोर्नियातील अनुभव असे दर्शवितो की, केवळ दंडाच्या धाकाने दावे वाढतात आणि केवळ अनुदानाने हक्क पातळ होतो. बंधनकारक मानक, तज्ज्ञाची पाहणी आणि स्थानिक अर्थसाहाय्य यांचा मेळ जेथे बसतो, तेथेच दिव्यांग ग्राहक इतरांप्रमाणे पुढच्या दाराने आत येऊ शकतो.