परदेशातील उमेदवारी : आधी सह्या, मग तिकीट

आपली काही मुले आता युरोपातील विद्यापीठांत शिकत आहेत. तेथे एक सत्र दुसऱ्या देशातील कंपनीत उमेदवारी, म्हणजे इंटर्नशिप, करता येते. ‘इरॅस्मस प्लस’ योजनेत तिची मुदत २ ते १२ महिने. अनुदान मिळाले तरी त्यात घरभाडे भागेलच असे नाही. पालकांनो, निघण्यापूर्वी विद्यार्थी, विद्यापीठ आणि कंपनी या तिघांच्या सह्यांचा करार हवाच. काम कोणते, क्रेडिट किती, हे त्यातच ठरते.

जर्मनीत २०१५ पासून किमान वेतनाचा कायदा आहे. पण अभ्यासक्रमातील सक्तीच्या उमेदवारीला तो लागू नाही. सहा महिने फुकट राबवले तरी कायदेशीरच! ऐच्छिक उमेदवारी तीन महिन्यांहून अधिक असेल, तर मात्र किमान वेतन द्यावेच लागते.