ताप लपवू नका

जून २०२० मध्ये ठाण्यात बाळकुमच्या ग्लोबल हबमध्ये महापालिकेचे कोविड रुग्णालय सुरू झाले. त्या दिवसांत आमच्या सरकारी ओपीडीत येणाऱ्या अनेकांना तापापेक्षा ‘रजा घेतली तर कामावरून काढतील’ हीच धास्ती जास्त असे. मग गोळी घेऊन ताप उतरवायचा, कामावर जायचे आणि शेजारच्यालाही आजार द्यायचा!

कामगारांना, विशेषतः कंत्राटी कामगारांना, काढू नका, असे केंद्रीय कामगार मंत्रालयाने २० मार्च २०२० रोजीच मालकांना सांगितले होते. पण तो सल्ला होता. कायद्याचा आधार होता तो १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याचा. कलम ७३ प्रमाणे आजारपणाचा लाभ घेणाऱ्या विमाधारकाला त्या काळात कामावरून काढायला मनाई होती. पात्र विमाधारकाला वर्षात ९१ दिवसांपर्यंत सुमारे ७० टक्के वेतनही मिळे.

म्हणून पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर आजारपणात पहिल्याच दिवशी ईएसआय दवाखान्यात जाऊन दाखला घ्या. मालकाला लेखी कळवा, पोच जपून ठेवा. कुणी धाक दाखवला म्हणून राजीनाम्यावर सही करू नका. साथीत घरी थांबलेला रुग्ण कामचुकार नसतो. तो सहकाऱ्यांनाही वाचवत असतो.