चांगला जिन्नस कोठे मिळतो?

मृग नक्षत्र तोंडावर आले की गोमंतकातील घराघरांत बेगमीची लगबग सुरू होते. पोर्तुगीज राजवट १९६१ साली संपली. पण तिच्या भाषेतून आलेला 'पुरुमेंत' हा शब्द आमच्या स्वयंपाकघरातून काही गेला नाही. सोले, तिरफळे, गावठी मिरची, चेपणीतले तोर, आळसांदे, सुकी सुंगटे, माडाचा गूळ ही त्यातील ठरलेली यादी. यादी तीच आहे. मात्र ती घेऊन जावे कोणाकडे, हा प्रश्न अलीकडे अवघड होऊन बसला आहे.

पूर्वी तो पडतच नसे. वाड्यावरचा पसरकार तीन पिढ्यांचा ओळखीचा असे. यंदाची सोले कोणाच्या परसातली, मिरची कोणत्या डोंगरावरची, हे तो न विचारता सांगे. आणि माल मनासारखा नसेल तर "आठ दिवस थांबा" असेही सांगे. आज नव्या वसाहतींतून राहणाऱ्या गृहिणीपुढे चकचकीत पुड्यांची रांग असते. पुडीवर माडाचे चित्र असते, नाव गोव्याचे असते. परंतु आतला जिन्नस हुंगून पाहण्याची सोय नसते. जो जिन्नस नाकाने आणि बोटांनी पारखायचा, तो केवळ डोळ्यांनी विकत घेण्याची पाळी आपल्यावर आली आहे.

चांगले दुकान ओळखण्याची आमच्या मते एकच कसोटी आहे. दुकानदार माल हाताळू देतो काय आणि विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो काय, हे पाहावे. सोल बोटाला मऊ लागले पाहिजे. वाळून कडकडीत झालेले सोल जुने समजावे. तिरफळाचे टरफल उकललेले असावे व त्यातील काळी बी काढलेली असावी. त्याचा वास हातभर अंतरावरून यावा. माडाचा गूळ काळसर असतो आणि जिभेवर गोडीमागून किंचित खारट चव ठेवतो. नुसतीच गोडी लागली तर साखरेची शंका घ्यावी. नागपंचमीच्या पातोळ्यांत हा फरक पहिल्याच घासाला कळतो.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि पावसापूर्वी मडगावात भरणारे पुरुमेंताचे फेस्त ही पारख शिकण्याची आमची जुनी विद्यापीठे होत. तेथे टोपली घेऊन बसलेली बाई बहुधा स्वतःच पिकविणारी असते. काणकोणातील खोल्याच्या मिरचीला २०२० साली आणि पेडण्यातील हरमलच्या मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही गौरवाची गोष्ट खरी. तथापि खोल्याची मिरची पावसाळ्यात डोंगरउतारावर, हाताने राबून पिकवावी लागते. खारे पाणी सोसणारा कोरगुट तांदूळ खाजन शेतीचे बांध टिकले तरच टिकतो. आणि माडावर चढणारा रेंदेर उरला नाही तर सूर नाही, आणि सूर नाही तर गूळही नाही. कागदावरचे मानांकन या माणसांच्या हाताला दाम मिळवून देणार नसेल, तर त्याची किंमत ती काय?

म्हणून पालिका व पंचायतींना आमचे सांगणे आहे की, बाजाराच्या नव्या इमारती बांधताना या विक्रेत्या बायांना आडोशाची व पाण्याची सोय असलेली जागा पुढच्या बाजूस द्यावी. त्यांना मागच्या गल्लीत लोटू नये. आणि वाचकांना विनंती अशी की, महिन्यातून एकदा तरी पिशवी घेऊन बाजारात जावे, दोन रुपये अधिक पडले तरी घासाघीस आवरावी आणि सोबत मुलांना न्यावे. तिरफळाचा वास पुस्तकातून शिकविता येत नाही. ज्या पिढीला तो ओळखता येणार नाही, ती तो मागणारही नाही. आणि न मागितलेला जिन्नस कोणताही दुकानदार फार काळ ठेवीत नसतो.