कझानमध्ये तीन दिवस : कुटुंबासाठी छोट्या सफरीचा आराखडा

रशिया म्हटलं की आपल्या घरांमध्ये दोनच गोष्टी निघतात. एक, हाडं गोठवणारी थंडी आणि दुसरी, एमबीबीएस. महाराष्ट्रातली कितीतरी मुलं-मुली तिथं डॉक्टरकी शिकायला जातात, आणि त्यांच्या शहरांच्या यादीत कझानचं नाव हमखास असतं. मुलांना भेटायला जाणारे अब्बा-अम्मी तीन-चार दिवस राहतात, खोली बघतात, मेस बघतात आणि परत येतात. ज्या शहरात ते राहून आले त्या शहराची आणि इस्लामची नाळ हजार वर्षांची आहे, हे अनेकांना परत आल्यावर कळतं. म्हणून हा लेख. मूल तिथं शिकत असो वा नसो, छोट्या सफरीसाठी कझान समजून घेण्यासारखं आहे.

आधी थोडा इतिहास

कझान व्होल्गा नदीच्या काठावर आहे, मॉस्कोपासून साधारण ८०० किलोमीटर पूर्वेला. तातारस्तान या प्रजासत्ताकाची ही राजधानी. लोकसंख्या १३ लाखांच्या आसपास. तातार मुसलमान आणि रशियन ख्रिश्चन जवळपास निम्मे-निम्मे.

या भागात इस्लाम तलवारीनं आला नाही. व्होल्गाकाठच्या बुल्गार लोकांच्या राजानं इस्लाम कबूल केला होता आणि बगदादच्या खलिफाकडे माणसं मागितली होती. त्यानुसार इ. स. ९२२ मध्ये खलिफाचं शिष्टमंडळ तिथं पोहोचलं. त्यातल्या अहमद इब्न फदलान यांनी लिहिलेलं प्रवासवर्णन आजही इतिहासकार वाचतात.

पुढं कझानची खानत झाली. १५५२ मध्ये मॉस्कोचा झार चौथा इव्हान यानं वेढा घालून शहर जिंकलं. मशिदी पाडल्या गेल्या, तातारांना किल्ल्याबाहेर काढलं गेलं. ते काबान तलावाच्या काठी वस्ती करून राहिले. दोनशे वर्षांहून जास्त काळ शहरात दगडी मशीद उभी राहू शकली नाही. सम्राज्ञी दुसरी कॅथरीन १७६७ मध्ये कझानला आली, आणि तिच्या परवानगीनं बांधलेली मशीद १७७० मध्ये पूर्ण झाली. तीच आजची मर्जानी मशीद.

हा इतिहास मुलांना घरीच सांगून ठेवा. नाहीतर तिथं फक्त फोटो होतात.

पहिला दिवस : किल्ला

किल्ल्याला रशियन भाषेत क्रेमलिन म्हणतात. क्रेमलिन फक्त मॉस्कोत आहे असं आपल्याला वाटतं, पण जुन्या रशियन शहरांत ते अनेक ठिकाणी आहेत. कझानचं पांढऱ्या भिंतींचं क्रेमलिन २००० पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आत निळ्या घुमटाची कुल शरीफ मशीद आहे. १५५२ च्या लढाईत शहर वाचवताना मारले गेलेले इमाम कुल शरीफ यांचं नाव तिला दिलंय. इमारत मात्र नवी आहे. १९९६ मध्ये काम सुरू झालं आणि २००५ मध्ये, शहराच्या हजाराव्या वर्धापनाच्या वेळी, ती खुली झाली. तळघरात इस्लामी संस्कृतीचं संग्रहालय आहे. त्याच किल्ल्यात, चालत काही मिनिटांवर, सोळाव्या शतकातलं ब्लागोव्हेश्चेन्स्की कॅथेड्रल आहे. दोन्ही बघा. ज्या जागेवर एवढं रक्त सांडलं तिथं आज दोन्ही धर्मांचे लोक एकाच फाटकातून आत येतात. भारतात राहणाऱ्या आपल्या मुलांनी हे पाहायला हवं.

सात टप्प्यांचा, थोडा कललेला स्युयुम्बिके मनोरा इथंच आहे. राणीनं सात दिवसांत सात मजली मनोरा बांधण्याची अट घातली आणि शेवटी वरून उडी मारली, ही गोष्ट सगळे सांगतात. गोष्ट म्हणून ऐका. इतिहासात राणी स्युयुम्बिकेला १५५१ मध्येच, म्हणजे शहर पडण्याआधी, मॉस्कोला नेलं होतं. आणि मनोरा त्यानंतर बऱ्याच काळानं बांधला असं बहुतेक अभ्यासक मानतात.

दुसरा दिवस : जुनी तातार वस्ती

शक्य असेल तर हा दिवस जुम्याचा ठेवा. काबान तलावाकाठच्या जुन्या वस्तीत रंगीत लाकडी घरं आहेत आणि मर्जानी मशीद आहे. सोव्हिएत काळात शहरातल्या बाकी मशिदी बंद पडल्या तेव्हाही इथली नमाज चालू राहिली. मशिदीला ज्यांचं नाव आहे ते शहाबुद्दीन मर्जानी (१८१८–१८८९) इथले इमाम होते, आणि तातारांचे मोठे इतिहासकारही. बयान तातार किंवा रशियन भाषेत असेल, पण नमाजेत परकेपणा वाटायचं कारण नाही.

मुलांसाठी एक खेळ सांगते. तातार भाषेत आपले शब्द शोधायचे. किताब, मकतब, कलम, दुनिया, वक्त हे शब्द थोड्या वेगळ्या उच्चारात तिथंही आहेत. ‘धन्यवाद’साठी तातार लोक जो शब्द वापरतात तो म्हणजे आपला ‘रहमत’. दुकानात तेवढं म्हणून बघा, समोरचा माणूस हसून बोलतो. ही भाषा १९२० च्या दशकापर्यंत अरबी लिपीत लिहिली जायची. नंतर लॅटिन आणि मग रशियन लिपी आली. कुरआनच्या छपाईसाठीही कझान एकेकाळी प्रसिद्ध होतं. १८०३ पासून तिथं कुरआन छापले जात होते.

तिसरा दिवस : थोडा मोकळा

बाउमान रस्त्यावर गाड्या येत नाहीत, तिथं पायी फिरा. १८०४ मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ जवळच आहे. टॉलस्टॉय इथं शिकले, आणि लेनिनला इथूनच १८८७ मध्ये काढून टाकलं होतं. बोल्गार हे प्राचीन बुल्गार शहर बघायची इच्छा होईल, पण त्यात पूर्ण दिवस जातो. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर चौथा दिवस काढा, नाहीतर सोडून द्या. सगळंच बघायच्या नादात कुणाचंच बघणं होत नाही.

खाणं आणि नमाज

मुस्लिम शहर आहे म्हणून प्रत्येक हॉटेल हलाल असेल असं समजू नका. रशियन लिपीत ‘हलाल’ कसं लिहितात त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि पाटीवर तो शब्द शोधा. घोड्याचं मांस तिथं सर्रास खाल्लं जातं. चालत नसेल तर आधी विचारा. एचपोचमाक म्हणजे मांस-बटाट्याचा तिकोनी समोशासारखा भाजलेला पदार्थ, आणि चकचक म्हणजे तळलेल्या पिठाची मधात घोळवलेली मिठाई. दोन्ही मुलांना आवडतील. तातार लोक चहात दूध घालतात, त्यामुळे चहाची चिंता नाही.

नमाजेच्या वेळा आपल्यासारख्या नाहीत. जूनमध्ये सूर्य पहाटे तीनच्या सुमारास उगवतो आणि रात्री साडेआठनंतर मावळतो. इशा आणि फजरच्या वेळा स्थानिक मशिदीच्या तक्त्यावरूनच घ्या. डिसेंबरमध्ये सूर्य सव्वातीनच्या आसपासच मावळतो, म्हणजे जोहर, असर, मगरिब एकामागोमाग येतात. तातार हनफी आहेत, त्यामुळे असरची जमात उशिरा होते. कोकणातल्या शाफई घरांनी हे लक्षात ठेवावं. कसरचे दिवसही दोन्ही मसलकांत वेगळे आहेत, निघण्याआधी आपल्या आलिमांना विचारून घ्या.

कागदपत्रं, पैसे आणि सुरक्षितता

भारतीयांना २०२३ पासून ई-व्हिसा मिळतो. अर्ज रशियाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर स्वतः भरता येतो, एजंटला जादा पैसे द्यायची गरज नाही. मुंबईहून दुबई, शारजा, इस्तंबूल किंवा मॉस्कोमार्गे जाता येतं. विमानतळावर मिळणारं मायग्रेशन कार्ड परत येईपर्यंत पासपोर्टमध्ये जपून ठेवा.

सर्वात महत्त्वाचं पैशांचं. मार्च २०२२ पासून रशियाबाहेरच्या बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड तिथं चालत नाहीत. एटीएमवर भरवसा ठेवून गेलात तर अडचणीत याल. पूर्ण खर्चाचे डॉलर किंवा युरो, स्वच्छ नोटांमध्ये, घेऊन जा आणि बँकेत बदला. हॉटेल आणि परतीचं तिकीट इथूनच पक्कं करा.

युद्ध चालू असताना जावं का, हा प्रश्न खरा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कझानवरही ड्रोन हल्ला झाला होता आणि विमानतळ काही वेळ बंद राहिला होता. अशा वेळी मोबाइल इंटरनेटही बंद पडू शकतं. तिकीट काढण्याआधी आणि निघण्याच्या आदल्या दिवशी, दोन्ही वेळा, भारतीय दूतावासाच्या सूचना वाचा. परतीच्या प्रवासात एक दिवस हाताशी राखा. हॉटेलचा पत्ता रशियन लिपीत कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा. मन मानत नसेल तर सफर पुढं ढकला, शहर कुठं जात नाही.

आणि एक गोष्ट तरुण मुलांच्या आई-वडिलांसाठी. रशियात चांगल्या पगाराची ‘मदतनिसाची’ नोकरी सांगून एजंटांनी नेलेले काही भारतीय तरुण थेट युद्धात पोहोचले आणि काहींचा जीव गेला. भारत सरकारनं याबद्दल वारंवार सावध केलं आहे. तिथं शिकणाऱ्या मुलाला भेटाल तेव्हा हा विषय स्पष्ट शब्दांत काढा. न समजणाऱ्या भाषेतल्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या.

मे ते सप्टेंबर हे महिने फिरायला बरे. हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो, तेव्हा इथले स्वेटर पुरत नाहीत. बॅग भरताना एक जाड जानमाज आणि थोडा घरचा चिवडा ठेवा. दोन्हीचा उपयोग होतो.