परदेशी दत्तक जाणाऱ्या बालकाची वैद्यकीय तपासणी

राजगृहाच्या उकिरड्यावर सुपात टाकून दिलेले एक तान्हे मूल पडले होते. कावळ्यांनी त्याला वेढले होते. बिंबिसार राजाचा पुत्र अभय राजकुमार त्या वाटेने जात होता. त्याने विचारले, मूल जिवंत आहे काय? जिवंत आहे असे कळताच त्याने ते वाड्यात आणवून वाढविले. जिवंत सापडले म्हणून त्याचे नाव जीवक पडले. पुढे तक्षशिलेस सात वर्षे वैद्यकशास्त्र शिकून हाच जीवक भगवान बुद्धांचा वैद्य झाला. विनयपिटकाच्या महावग्गात ही कथा आहे. टाकलेल्या मुलाविषयी पहिला प्रश्न त्याच्या प्रकृतीचाच होता आणि विचारणाऱ्याचा हेतू त्याला वाचविण्याचा होता. दत्तकापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीकडेही आपण याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

आपल्या देशातून परदेशी दत्तक जाणाऱ्या मुलांची परवड होऊ नये म्हणून लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यानंतर १९९० साली 'कारा' ही केंद्रीय यंत्रणा स्थापन झाली. १९९३ च्या हेग कराराला भारताने २००३ साली मान्यता दिली. सध्या २०१५ चा बाल न्याय कायदा आणि २०२२ चे दत्तक नियम लागू आहेत. बालकल्याण समितीने मूल दत्तकासाठी मुक्त ठरविल्यावर संस्था दोन कागद तयार करते. एक बाल अध्ययन अहवाल आणि दुसरा वैद्यकीय तपासणी अहवाल. परदेशातील भावी पालक हे अहवाल वाचतात, हवे तर आपल्या पसंतीच्या डॉक्टरला दाखवितात आणि मगच होकार देतात. अमेरिकेस जाणाऱ्या मुलाची तेथील वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडून आणखी एक तपासणी होते. तिचा रोख मुख्यतः क्षयासारख्या संसर्गजन्य रोगांवर असतो.

डॉक्टर काय पाहतात? वजन, उंची व डोक्याचा घेर, डोळे, कान, हृदय, हातपाय. मूल मान केव्हा धरू लागले, केव्हा बसले, हाकेला वळते काय, हे पाहिले जाते. लसी टोचल्याची नोंद घेतात. रक्तात हिमोग्लोबिन, कावीळ-ब, गुप्तरोग, एचआयव्ही इत्यादींची तपासणी होते. जन्मतारीख ठाऊक नसल्यास दात व हाडांवरून वयाचा अंदाज करतात. तो अंदाजच असतो.

या अहवालाचे वाचनही जाणकारीने व्हावे लागते. एचआयव्हीचे उदाहरण घ्या. आईच्या रक्तातील प्रतिपिंडे बाळाच्या अंगात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. म्हणून त्या वयाआधी साधी चाचणी होकारार्थी आली तरी बाळाला लागण झाली आहे असे ठरत नाही. त्यासाठी पीसीआर ही वेगळी चाचणी लागते. दुसरे उदाहरण सिकलसेलचे. हा विकार विदर्भात आपल्या समाजातही आढळतो. अहवालात 'एएस' लिहिले असेल तर ते मूल केवळ वाहक आहे, ते सामान्यतः निरोगी आयुष्य जगते. 'एसएस' असेल तर मात्र आयुष्यभर औषधोपचार व देखरेख लागते. दोन अक्षरांतला हा फरक न समजल्यामुळे एखादे मूल नाकारले जाऊ नये.

वाढ खुंटण्याचेही तसेच आहे. संस्थेत कितीही चांगली देखभाल असली तरी एका आयाकडे अनेक मुले असतात. मांडीवर घेऊन बोलणारे, खेळविणारे माणूस न मिळाल्याने मूल मागे पडते. रुमानियात डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळल्यावर तेथील बालगृहांतील मुलांची दैना जगासमोर आली आणि हजारो मुले परदेशी दत्तक गेली. त्यांतील इंग्लंडला गेलेल्या मुलांचा मायकेल रटर व सहकाऱ्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. सहा महिन्यांच्या आत घर मिळालेली बहुतेक मुले बरोबरीला आली. त्याहून अधिक काळ बालगृहात राहिलेल्यांपैकी काहींच्या अडचणी मोठेपणीही टिकल्या. म्हणजे तपासणी कसून व्हावी, परंतु तिच्या नावाखाली दिवस वाया जाऊ नयेत. मुलाला प्रतीक्षेचीही किंमत मोजावी लागते.

अहवालात दोन दोष संभवतात. मुलाला लवकर घर मिळावे म्हणून आजार लपविणे हा पहिला. असे मूल परक्या मुलखात गेल्यावर सत्य बाहेर येते, पालकांची तयारी नसते, आणि प्रसंगी एकदा टाकलेले मूल दुसऱ्यांदा टाकले जाते. शंकेलाच आजार ठरविणे हा दुसरा. त्यामुळे चांगले मूल वर्षानुवर्षे संस्थेत पडून राहते. दोन्हींचा भार मुलाच्याच डोक्यावर येतो. खरे तेवढे लिहिले तर विशेष गरजा असलेल्या मुलांनाही घर मिळते. फाटलेला ओठ, हृदयाचे छिद्र, कमी ऐकू येणे हे सारे आधी समजून घेऊन अनेक परदेशी कुटुंबांनी आपल्याकडची मुले आनंदाने स्वीकारली आहेत.

मग मनात एक प्रश्न येतो. अशी मुले दूरदेशीच्या लोकांना चालतात, आपल्याला का चालू नयेत? दत्तक घेताना गोरे, गुटगुटीत आणि निर्दोष मूल मागणाऱ्यांनी याचा विचार करावा. पोटच्या मुलाचा अहवाल पाहून आपण त्याला घरी आणतो काय? करुणा आपण वंदनेत रोज उच्चारतो. ती अशा वेळी कसोटीला लागते. आपल्या विद्यार्थ्यांपैकी जे डॉक्टर, परिचारिका वा समाजसेवक होतील, त्यांच्या हाती एखाद्या दिवशी असा अहवाल लिहिण्याचे काम येईल. तेव्हा त्यांनी सुपातल्या जीवकाला आठवावे आणि खरे तेच लिहावे.