धर्मादाय रुग्णालयात गरिबांसाठी खाटा राखीव असतात. त्या मिळवायच्या कशा?

घरात अचानक कुणी आजारी पडतं, रुग्णालय डिपॉझिट मागतं आणि कुटुंब दागिने गहाण टाकायला धावतं. पण ते रुग्णालय धर्मादाय असेल, तर गरीब रुग्णाला मोफत उपचार मिळवण्याचा हक्क आहे. अनेकांना हे समजतं तेव्हा बिल भरून झालेलं असतं.

नियम काय आहे?

महाराष्ट्रातील अनेक मोठी खासगी रुग्णालयं सार्वजनिक न्यासांची, म्हणजे ट्रस्टची आहेत. अशा न्यासांना करात सूट मिळते. काहींना सवलतीत जमीनही मिळाली आहे. त्या बदल्यात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 कक नुसार त्यांना गरिबांसाठी खाटा राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठीची योजना मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ठरवून दिली.

कुणाला काय मिळतं?

- निर्धन रुग्ण: 10 टक्के खाटा, उपचार मोफत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजार रुपयांपर्यंत.
- दुर्बल घटक: आणखी 10 टक्के खाटा, उपचार सवलतीच्या दरात. उत्पन्न 3 लाख 60 हजार रुपयांपर्यंत.

म्हणजे 200 खाटांच्या रुग्णालयात 40 खाटा या दोन गटांसाठी असायला हव्यात.

पैसा कुठून येतो?

इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम रुग्णालयाला 'निर्धन रुग्ण निधी'त जमा करावी लागते. कुणाचं बिल एक लाख झालं, तर त्यावर दोन हजार रुपये या निधीत जायला हवेत. निर्धन रुग्णाची औषधं, इम्प्लांट यांचा खर्च त्यातूनच भागवला जातो. त्यामुळे ही सवलत मागताना संकोच वाटण्याचं कारण नाही.

काय करायचं?

1. रुग्णालय धर्मादाय आहे का, ते आधी विचारा.
2. दाखल होतानाच तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. डिस्चार्जच्या दिवशी मागणी केली तर अडचण येते.
3. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा. दाखला मिळायला वेळ लागतो, म्हणून तो आधीच काढून ठेवलेला बरा.
4. खाट शिल्लक नसल्याचं सांगितलं, तर ते लेखी मागा.
5. दाद मिळाली नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात तक्रार करा.

तातडीची वेळ असेल तर?

जीव धोक्यात असलेल्या गरीब रुग्णाला डिपॉझिट न मागता लगेच दाखल करून घेणं आणि जीव वाचवण्यासाठी आवश्यक उपचार देणं धर्मादाय रुग्णालयाला बंधनकारक आहे.

फुले योजना वेगळी

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही सरकारची स्वतंत्र योजना आहे. तिच्यात कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. मात्र यादीतले उपचार आणि योजनेतलीच रुग्णालयं चालतात. माहितीसाठी टोल फ्री क्रमांक 155388.

फुले योजनेत एखादा उपचार बसला नाही, म्हणजे सगळे दरवाजे बंद झाले असं नाही. रुग्णालय धर्मादाय असेल, तर राखीव खाटेची मागणी तेव्हाही करता येते.