घरबसल्या रुग्णसेवा : प्रश्न विचारायचा कसा?

हिवाळा लागला की आपल्या बाजारात तिबेटी मंडळी स्वेटर घेऊन बसतात. आपल्या गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडाजवळ त्यांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत १९७२ सालापासून आहे. मात्र भारतातील तिबेटी निर्वासितांमध्ये क्षयरोगाचे प्रमाण बरेच आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

मी निवृत्त परिचारिका. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर निर्वासितांसाठी चालणाऱ्या एका सेवा उपक्रमाने मला घरी बसून करता येईल असे काम दिले. रोज सकाळी चहा झाला की वही उघडायची आणि क्षयाचे औषध चालू असलेल्या रुग्णांना फोन करायचा. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. औषध सरकारकडून मोफत मिळते. अवघड असते ते रोज न चुकता घेणे.

एक तरुण रुग्ण वसाहतीतून स्वेटर विकायला दूरच्या शहरात गेला होता. मी रोज विचारी, "गोळ्या घेतल्या का?" तो म्हणे, "हो, आमा-ला." त्यांच्या भाषेत आमा-ला म्हणजे आई. मी वहीत खूण करी. एके दिवशी सहज विचारले, "पाकिटात आता किती उरल्या?" पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, "सगळ्या आहेत."

तीन आठवडे त्याने गोळीला हात लावला नव्हता. खोकला थांबला, वजन वाढले, म्हणून त्याला बरे झालो असे वाटले. शिवाय गोळ्यांनी मळमळे, आणि दुकानावर गिऱ्हाइकाने पाहिले तर माल कोण घेईल, ही धास्ती. मला वाईट वाटले ते स्वतःचेच. ज्या प्रश्नाला 'हो' म्हणून सुटता येते, तोच प्रश्न मी रोज विचारत होते.

औषध अर्धवट सोडले की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. मग उपचार अधिक कठीण होतो आणि तोच हट्टी रोग घरच्यांनाही लागू शकतो. त्याला त्याच दिवशी तिथल्या सरकारी दवाखान्यात पाठवले. 'निक्षय' या नोंदणीमुळे देशात कुठेही उपचार पुढे चालू ठेवता येतो. थुंकी पुन्हा तपासली. सुदैवाने जंतू औषधाला दाद देणारे निघाले. मळमळीवर डॉक्टरांनी उपाय सांगितला. गोळ्या दुकानावर न नेता सकाळी खोलीवरच घ्यायच्या, असे आम्ही ठरवले.

आता माझे प्रश्न बदलले आहेत. घरात क्षयाचा रुग्ण असेल तर आपणही असेच विचारावे :

१. पाकिटात किती गोळ्या उरल्या?

२. लघवीचा रंग कसा आहे? रिफाम्पिसिनमुळे ती तांबूस-केशरी होते. त्याने घाबरू नये.

३. डोळे पिवळे दिसतात का, वारंवार उलटी होते का, दिसायला अंधुक झाले का? यांपैकी काही असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

४. आज जेवणात काय होते? पोषणासाठी सरकारकडून उपचारकाळात दरमहा मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत. ते खात्यात जमा होतात की नाही, हेही पाहावे.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर तपासणी करून घ्यावी. आणि एक लक्षात ठेवावे, क्षय खोकल्यावाटे हवेतून पसरतो, स्वेटरातून नाही. तिबेटी दुकानदाराकडे खुशाल खरेदी करावी.

त्या मुलाचा उपचार पूर्ण झाला. शेवटच्या दिवशी मी फोन करण्याआधी त्याचाच आला. "आमा-ला, पाकीट रिकामे आहे," तो म्हणाला. वहीतली ती खूण मी निर्धास्तपणे केली.